खोली नंबर चार

सावद्याला केळी पिकवायच्या सहा खोल्या,
त्यातली चौथी बिघडलेली.
कॉम्प्रेसर बंद, पण भिंतीत वीतभर थर्माकोल,
आत कितीही बडवा, बाहेर वॉचमन झोपलेला.
तिथे सुरू झालो, म्हणून नावही तेच.
पोस्टरवर लोकांना वाटायचं, कसला तरी कोड आहे.

भटूचा बेस, भुसावळच्या चर्चमधून आलेला, तिसऱ्या हाताचा.
टिनूची कॅसिओ, मधला सा मुका.
मी, बँडपार्टीचा साइड ड्रम,
आणि पायाशी रंगाचा वीस लिटरचा डबा, उलटा.
जुबेदा तडवी. तिच्याकडे शब्द, आणि दोनशे पानी वही,
जिच्या मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब.
क्लॅरिनेटला झिपरूकाका, वय अठ्ठावन्न, मूळचे अमळनेरचे.
पहिल्या दिवशी भिंतीला टेकून त्यांनी सगळं ऐकून घेतलं,
मग विचारलं, 'गानं कव्हय सुरू व्हई?'
जुबेदा तेव्हा दुसऱ्या कडव्यात होती.

मंडळवाले म्हणायचे, पेन ड्राइव्ह द्या.
नाही.
मग ट्रॅक कुठाय?
हे काय, टेम्पोतून उतरवतोय.
डीजे नाही, ऑर्केस्ट्रा नाही,
मग पावतीवर लिहू काय, भो?
'इतर' लिहिलं त्यांनी. चार वर्षं आम्ही इतर होतो.

फैजपूरला जनरेटर गेला.
माइक गेला, बेस गेला, कॅसिओ गेली,
उरलं फुंकायचं आणि बडवायचं.
जुबेदा पाण्याच्या टेबलावर चढली, पेले सांडले,
आणि नुसत्या गळ्यानं:

घड मोजला, लोड मोजला,
दांडा कापून भाव मोजला,
कापला दांडा कोन्या खात्यात?
सांग ना शेठ, कोन्या खात्यात?

मागच्यांना शब्द पोचले नाहीत.
पुढे मात्र ट्रक भरणारे हमाल बसले होते,
तिसऱ्या वेळी ते 'कोन्या खात्यात' आमच्या आधी म्हणाले.
काका डोळे मिटून वाजवत होते, वरात जात असावी तसे,
कुठेच न थांबणारी.
करिअर म्हणतात ते, माझ्या मते, साडेचार मिनिटांचं होतं.
बाकी सगळी वाहतूक.

पुण्यात रेकॉर्डिंग.
तिथल्या पोरानं कानात टिकटिक दिली.
'दादा, तुम्ही मागे पडताय.'
पडतच होतो. काकांचा श्वास पुरा होईतो
हात उचलायचा नाही, ही सवय.
त्यानं पडद्यावर माझा एकेक ठोका चिमटीत धरून
रेघेवर नेऊन ठेवला.
घरी आल्यावर ऐकलं. सगळं बरोबर होतं.
कोणाचं, ते कळेना.
भटूच्या आईनं मात्र रिंगटोन केली,
भाजीबाजारात वाजली की ती फोन उचलायची नाही, वाजू द्यायची.

मग काकांचे पुढचे दोन दात गेले.
कवळी नवी, ओठ जुने, वरचा सूर लागेना.
आम्ही दीड पट्टी खाली उतरलो
आणि जुबेदाचा आवाज तिथे असा बसला
की टिनू वाजवायचा थांबला.
ते कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही. तुम्ही विचाराल म्हणून सांगतोय.

तिला चोपड्याच्या दवाखान्यात नर्सची ऑर्डर आली.
सुट्टीत येईन म्हणाली. आली, दोनदा.
दुसऱ्यांदा वही विसरून गेली,
की ठेवून गेली, यावर भटूचं नि माझं एकमत नाही.

मालकानं चौथी खोली दुरुस्त केली.
दारावर पाटी: माल आत आहे, उघडू नये.
परवा मी हात लावून पाहिला.
आतून थरथर येत होती, कॉम्प्रेसरची,
एकसारखी, रेघेवरची. कुठेच मागे न पडणारी.

छोटा हत्तीवाला उखा अजून रावेर रोडला भेटतो.
काच खाली करतो.
'मंग? कधी?'
फैजपूरच्या फेरीचे साडेसातशे बाकी आहेत त्याचे.
दर वेळी मी म्हणतो, पाहू, पुढच्या महिन्यात,
आणि गाडी गेल्यावर वाटतं
की विचारायला हवं होतं,
कधी, काय?